खालाची सुटायची वेळ

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते आणि तिथल्या युनियनचं लिखाणकाम त्यांच्याकडं होतं. छापून आलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे. मी पालथी पडून त्यातलं एक ओढायची आणि शब्दांखाली बोट धरून वाचायची. घरात रात्रंदिवस 'व्यवस्थापन' या माणसाविषयी इतकं बोललं जायचं, की बालवाडीत बाईंनी घरी कोण कोण असतं असं विचारल्यावर मी आई, बाबा, भाऊ आणि व्यवस्थापन असं उत्तर दिलं होतं.

वडिलांचा एक नियम होता. पत्रक छापायला देण्याआधी ते कॉलनीच्या कोपऱ्यावर केस कापणाऱ्या काकांना वाचून दाखवायचे. काकांना वाचता येत नव्हतं. वडील बाकावर बसून वाचत, काका कुणाची तरी कटिंग करता करता ऐकत. जिथं काकांची कात्री थांबेल तो शब्द खोडायचा. 'तात्काळ'ला कात्री थांबली. 'निषेधार्ह'ला तर गिऱ्हाइकानंही मान वळवून पाहिलं.

"थांबली म्हंजी त्याला कळलं नाय," वडील घरी येताना मला सांगायचे. "त्याला नाय कळलं तर आपण लिवतो कुणासाठी?"

शिकून मी नोकरीला लागले तीही वाळूजलाच, दुसऱ्या एका कंपनीच्या एचआर खात्यात. माझं मराठी चांगलं म्हणून कामगारांना द्यायच्या नोटिसा माझ्याकडं आल्या. तिथं नियम उलटा होता. नोटीस वाचून कामगार थोडा घाबरला पाहिजे आणि त्याला नीट कळलंही नाही पाहिजे. मी ते काम सफाईनं करायची. 'सदर कर्मचारी', 'विनापरवानगी', 'गांभीर्याने नोंद घ्यावी'. वडिलांनी खोडलेले सगळे शब्द मी कामाला लावले होते.

माझी मोठी मुलगी चार वर्षांची आणि धाकटी आठ महिन्यांची असताना मी अशीच एक नोटीस लिहिली. असेंब्लीतली एक बाई मुलाला ताप आल्याचा फोन आला म्हणून अर्ध्या पाळीत निघून गेली होती. नोटीस तिच्या हातात मीच दिली. तिनं कागद उलटसुलट करून विचारलं, "मॅडम, काय लिहिलंय ह्याच्यात?" मी म्हटलं, पहिली ताकीद आहे. "एवढंच व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं काढलं." आणि तिनं माझे आभार मानले. त्या दिवशी दुपारी दूध भरून आलेल्या अंगानं मी कंपनीच्या बाथरूममध्ये उभी होते आणि मला कळत होतं, की मी त्या बाईच्या जागी असते तर मीही निघून गेले असते, आणि तेव्हा कुणीतरी माझ्यासारखीच शिकलेली मुलगी मला असा कागद देऊन गेली असती.

मी राजीनामा दिला. घरकाम करणाऱ्या बायकांची एक छोटी संघटना आहे, तिचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांत आहे. तिथं पत्रकं लिहायची, बैठका घ्यायच्या, बायकांची ओळखपत्रं काढायची, असं काम मिळालं. पगार पहिल्यापेक्षा बराच कमी. पण पहिल्या आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं, ते एका बाईनं पदराला गाठ मारून नेलं, आणि मला वाटलं की मी याच्यासाठीच वाचायला शिकले होते. हे मी आजही मागं घेणार नाही.

चूक झाली ती त्याआधी, घरी. नवरा राजीनाम्याबद्दल एका शब्दानं वाकडं बोलला नव्हता. एवढंच म्हणाला होता, "बघ, तुला जमेल ना सगळं?" आणि मी, कुणी मागितलेली नसताना, एक हमी देऊन बसले. म्हटलं, "घराला कळणारसुद्धा नाही."

घराला कळलं नाही, कारण ते खालाला कळत होतं.

खाला, म्हणजे सगळ्या मुलांची मावशी, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. गारखेड्यातल्या आमच्या बाजूला नोकरी करणाऱ्या बऱ्याच आयांची मुलं तिनं वाढवलीत. साठीला आलेली, गुडघे दुखतात म्हणून भिंतीला धरून उठणारी. पुढच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात नळाला पाणी येतं त्या दिवशी भरून ठेवलेले ड्रम, आणि ड्रमवर पाट ठेवलेले, कारण पोरं झाकणं काढतात. मुलांना आणायची वेळ संध्याकाळी सहा, महिन्याचे पैसेही तेवढ्याच वेळाचे. हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. माझ्या दोघी तिथं दख्खनी शिकल्या. धाकटी अजून 'नको' म्हणत नाही, 'नक्को' म्हणते, आणि मान अशी झटकते की वाटावं शहागंजात भाजी घेतेय.

नव्या कामाचे सुरुवातीचे दोन महिने मी सहाला पोहोचायची. पण आमच्या बायका सकाळची घरं करून दुपारी स्वतःच्या घरी जातात, चारला परत कामाला निघतात आणि सहानंतर मोकळ्या होतात. म्हणजे बैठका सहानंतर. मी साडेसहाला पोहोचायला लागले, मग सातला, मग साडेसातला. गिरणीचा पट्टा बंद व्हायचा, आवाज थांबायचा, आणि बायका तेव्हा कुठं खरं बोलायला लागायच्या. कोण कुठल्या घरी उपाशी राबते, कुणाला वेगळा कप आहे. तो तास सोडून उठणं मला जमायचं नाही. मी खालाला फोन करायची : "दोन मिनिटं हं, खाला."

"हौ, आ आरामसे," ती म्हणायची.

एका रविवारी मोठी बाहुल्या मांडून बसली होती. एक बाहुली उशीवर, बाकीच्या दाराशी ओळीनं. मी विचारलं, काय खेळतेस? "मीटिंग मीटिंग," ती म्हणाली. "ही मम्मी आहे." धाकटीनं दाराशी बसलेली एक बाहुली उचलून विचारलं, "आली?" मोठी उशीवरच्या बाहुलीच्या आवाजात म्हणाली, "दोन मिनिटं." मी हसले. नवऱ्याला तो किस्सा सांगितलाही, हसत हसत.

आणि आता वडिलांच्या नियमाचं सांगायला हवं. काका कधीच वारले. मला माझं पत्रक ऐकवायला कुणीतरी लागायचं. खाला उर्दू वाचते, मराठी लिपी तिला येत नाही, पण मराठी बोललेलं सगळं कळतं. मग मी तिलाच वाचून दाखवायला लागले. कधी? संध्याकाळी मुली न्यायला गेल्यावर. म्हणजे आधी दीड तास उशिरा जायचं, आणि वर दारात उभी राहून वाचत बसायचं. खाला लसूण सोलत ऐकायची. तिचा हात जिथं थांबायचा तिथं मी पेनानं खूण करायची. मला या गोष्टीचा अभिमान होता. ऑफिसात मी सांगायची, आमचं पत्रक कुठल्याही बाईला कळतं, मी तपासून घेते.

या वर्षी रमजानच्या काही दिवस आधी आम्ही कामाच्या तासांवर पत्रक काढायचं ठरवलं. मी ते दोनदा बसून लिहिलं. मनासारखं उतरलं होतं. त्यातली एक ओळ होती, 'ठरलेल्या वेळेनंतर बाईला थांबवून घेणे म्हणजे तिचे श्रम विनामोबदला वापरणे होय.' संध्याकाळचे साडेसात झाले होते. धाकटी खालाच्या मांडीवर पेंगत होती, मोठी चपला उलट्या पायांत घालून उभी होती. मी वाचलं. 'विनामोबदला'ला खालाचा हात थांबला.

"ये क्या होता?"

"म्हणजे काही न देता. फुकट."

"हां. फुकट." तिनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अब समझी."

मी 'विनामोबदला' खोडून 'फुकट' लिहिलं. मग सगळी ओळच बदलली : 'ठरलेल्या वेळेनंतर बाईला थांबवून घेणं म्हणजे तिचा वेळ फुकट घेणं.' खालाला म्हटलं, तुमच्यामुळं ओळ सुधारली. मी धाकटीला खांद्यावर घेतलं, मोठीच्या चपला सरळ केल्या आणि निघाले. गल्लीतून जाताना मी खूश होते.

पत्रक छापून आलं ते रमजान सुरू झाल्यावर. वाटायला नेता यावेत म्हणून चारपाच कागद मी मोठीच्या दप्तराच्या मागच्या कप्प्यात ठेवले होते आणि विसरले होते.

त्या दिवशी बैठक लांबली. एका बाईला कामावरून काढलं होतं, ती रडत होती, आणि मी फोन पर्समध्ये टाकून तिच्याशेजारी बसले होते. बाहेर पडले तेव्हा रोजा सुटून गेला होता. खालाच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत नेहमीची गडबड नव्हती. एरवी या वेळी सुना, नातवंडं, भज्यांचा वास असतो. खाला एकटी भिंतीला टेकून बसली होती. अंगावर इस्त्रीची जांभळी सलवार-कमीज, डोळ्यांत सुरमा, आणि बुरखा खिळ्यावर न टांगता शेजारी घडी करून ठेवलेला. पुढ्यात पाण्याचा ग्लास आणि ताटलीत खजुराच्या दोन बिया. धाकटी तिच्या मांडीवर झोपलेली. मोठी समोर सतरंजीवर पालथी पडून, शब्दांखाली बोट धरून, मोठ्यांदा वाचत होती.

"ठर-ले-ल्या वे-ळे-नं-तर बाईला थां-बवून घेणं म्हणजे..."

मी दारातच थांबले.

"...तिचा वेळ फुकट घेणं." तिनं मान वर केली. "मम्मी, मी सगळं वाचलं. खालाची वेळ किती वाजता संपते?"

"पूछ," खाला म्हणाली. "अपनी मम्मीकूच पूछ."

मी म्हटलं, खाला, घरातले सगळे कुठं गेले? ती म्हणाली, शहागंजला, लहान बहिणीकडं इफ्तारीला. जालन्याची मोठी बहीण दोन दिवसांसाठी आली होती. ती आता फिरत नाही, डोळ्यांनी कमी दिसतं, पण या वर्षी हट्ट धरून आली होती. मुलगा गाडी घेऊन थांबायला तयार होता. खालानंच सगळ्यांना पुढं पाठवलं. पोरी कुणाकडं सोडणार?

"मला सांगायचं ना," मी म्हणाले. "फोन करायचा."

"करी ना. चार बार करी."

पर्समध्ये फोनवर चार हुकलेले कॉल होते.

"मी आत्ता रिक्षा करून देते तुम्हाला."

"अब कहां, बेटा. उनों निकल गए होंगे सब तरावी की नमाजकू." तिनं धाकटीच्या केसांवरून हात फिरवला. आवाज चढलेला नव्हता. उलट थट्टा केल्यासारखी हसत म्हणाली, "पढ़ने दे उसकू. अच्छा लिखी तू. मैं तो पैलेच सुनी ना."

मला वाटलं आता ती रागावेल, आणि रागावली तर बरं होईल. पण ती पुढं जे बोलली ते मला आजही झोपेतून उठवतं.

"तू वो कागज सुनाई ना उस दिन," ती म्हणाली, "मेरेकू लगा तू मेरेकूच बोलरी. मुंह से बोलने की शरम आरी बच्चीकू, तो लिख के सुनारी. 'थांबवून घेणं, फुकट.' मैं बोली, चलो, समझ में तो आया इसकू. मैं रुकी. अब कुछ बोलेगी, अब कुछ बोलेगी." तिनं धाकटीला मांडीवर नीट घेतलं. "तू वो एक लफ्ज मिटाई, और चली गई."

मोठी आम्हा दोघींकडं पाहत होती. मी कागद गोळा केले. काय बोलले ते आठवत नाही. माफ करा म्हणाले असेन. खालानं झोपलेली धाकटी माझ्या खांद्यावर दिली आणि भिंतीला धरून उठून दार लावलं.

नोकरी करणाऱ्या आईनं अपराधी वाटून घेऊ नये, असं मी स्वतः लिहिलं आहे. छापून वाटलं आहे. मुलाला डबा उशिरा मिळाला, शाळेच्या कार्यक्रमाला जाता आलं नाही, सासूनं टोमणा मारला, या सगळ्यासाठी आईनं मान खाली घालायची आणि बापानं मात्र नाही, ही लबाडी आहे, आणि मी ती आजही लबाडीच म्हणेन. ते ओझं कुणीतरी आपल्या डोक्यावर ठेवलेलं असतं, ते फेकून द्यावं. पण त्या संध्याकाळी गल्लीतून चालताना जे वाटत होतं ते माझ्यावर कुणी लादलेलं नव्हतं. मी ते दोन वर्षं रोज थोडं थोडं कमावलं होतं. माझ्या आवडत्या कामाचा प्रत्येक जास्तीचा तास मी एका दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईकडून घेतला होता, आणि तो घेताना तिच्याच कानांनी माझे शब्द घासूनपुसून घेतले होते.

घरी नवरा टीव्ही पाहत होता. त्या आठवड्यात कंपनीत त्याची पहिली पाळी होती, म्हणजे तो चारला घरी आला होता. हे मी त्या क्षणापर्यंत कधी असं पाहिलंच नव्हतं. महिन्यातले पंधरा दिवस तो चारला घरी असतो, आणि मुली साडेसातपर्यंत दोन गल्ल्यांपलीकडं.

मी सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मग मला सांगायचं. मी आणलं असतं त्यांना."

"तुला दिसत नव्हतं?"

"तूच म्हणालीस, घराला कळणार नाही. मला वाटलं खालाचं आणि तुझं ठरलंय काहीतरी." मग टीव्हीचा आवाज कमी करून, "तू जगाला सांगत फिरतेस मागा म्हणून. माझ्याकडं कधी काय मागितलंस?"

त्याचंही चुकलं होतं. स्वतःच्या पोरी कुठं आहेत हे त्याला सांगावं का लागावं, यावर आम्ही नंतर भांडलो, आणि ते भांडण अजून संपलेलं नाही. पण मी का मागितलं नाही, ते मला ठाऊक होतं. मागितलं असतं तर माझं काम घरात बोलण्याचा विषय झालं असतं. कुणीतरी म्हणालं असतं, मग आधीची नोकरी काय वाईट होती. मला ती चर्चाच नको होती. आणि खाला चर्चा करत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी खजुराचा डबा घेऊन गेले. खाला दारातच होती.

"ये नक्को," ती म्हणाली. "छे बजे आ."

"येईन."

"छे मतलब छे. सवा छे नहीं. दो साल से तेरी घड़ी बंद है." आणि मग, मला जरा बरं वाटावं म्हणून असेल, "डब्बा रख के जा, बच्चियां खाएंगी."

आता पहिल्या पाळीच्या आठवड्यांत नवरा मुलींना आणतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत मी पावणेसहाला ऑफिसातून उठते. लवकर सुटणाऱ्या चारपाच जणी तेव्हा नुकत्या जिना चढत असतात. गिरणी चालू असते, खरं बोलणं सुरू व्हायचं असतं. एकदा एकीनं विचारलं, "ताई, आमी आलो की तुमी निघाल्या. आमचा कंटाळा आला का?" मी म्हटलं, नाही, माझ्या मुली सांभाळणाऱ्या बाईंची सुटायची वेळ झाली. ती म्हणाली, "मंग त्या का नाय येत मीटिंगला?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि पर्स घेऊन खाली उतरले. खरं सांगायचं तर खालाचं आणि माझं काय घडलं होतं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. अजून सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात एक नवीन पत्रक लिहिलं. विषय : दुसऱ्यांची मुलं घरी सांभाळणाऱ्या बायका. त्यांची वेळ, त्यांची सुट्टी. चार दिवस ते पर्समध्येच होतं. कुणाला वाचून दाखवावं कळेना. खालासमोर तो कागद काढायची माझी हिंमत नव्हती.

गुरुवारी मी तिच्या दारात पोहोचले. मुली तयार नव्हत्या. धाकटीची एक चप्पल सापडत नव्हती, मोठी ड्रमांच्या मागं शोधत होती. मी पर्समधून रुमाल काढताना कागद अर्धा बाहेर आला. खालानं तो पाहिला.

"आज कुछ नहीं सुनाती?"

"नाही, असंच आहे ते."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "छे कू पांच कम है. सुना."

ती लसूण घेऊन बसली. मी वाचायला लागले. पहिल्या परिच्छेदात तिचा हात एकदाही थांबला नाही. दुसऱ्यात 'सांभाळणूक' या शब्दाला थांबला, मी खूण केली. तिसऱ्यात मी तिच्यासारख्याच एका बाईविषयी लिहिलं होतं, नाव न घेता. जिला सणाच्या दिवसांत बहिणीकडं जाता आलं नाही. तिथवर पोहोचायच्या आत खालानं लसणाची ताटली बाजूला सारली आणि भिंतीला हात लावून उठली.

"छे," ती म्हणाली. "बाकी कल."

मला राग आला. आता कुठं मुद्द्यावर आले होते, अजून दोनच मिनिटं लागली असती. तो राग एक क्षणच टिकला, पण आला, आणि तो मी इथं लपवणार नाही. कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. मोठीनं चप्पल शोधून आणली होती. ती धाकटीच्या पायात घालताना मला जाणवलं, की माझ्या तोंडात 'दोन मिनिटं' हे शब्द अगदी ओठांवर येऊन थांबले होते.